कानाची मजुरी

साळूबा मिस्त्रींनी आपल्या कामाचा भाव कधीच सांगितला नाही. इंजन सुरू झालं की ते चिंधीला हात पुसायचे, पाने-पक्कड पिशवीत भरायचे आणि तोंड दुसरीकडे वळवून उभे राहायचे. विहिरीकडे, बांधाकडे, काहीच नसलं तर आभाळाकडे. मालक हातावर जे ठेवेल ते न बघता खिशात जायचं. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, मामा, तुम्ही तिकडे काय बघता? ते म्हणाले, "देणाराला लाज वाटू न्हाई म्हणून."

राजूरला रस्त्याला लागून आमचं पाइपांचं आणि इंजनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. शेती केदारखेड्याला. दुकानाच्या भिंतीला टेकून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार पत्रे टाकून एक शेड काढली होती. ती साळूबा मिस्त्रींची. मी जालन्याला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सुट्टीत घरी आले की मला गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसवलं जाई. गावातल्या मुलींशी काय बोलायचं ते मला सुचत नसे, आणि गिऱ्हाइकांशी बोलायची भीती वाटे. त्यामुळे मी शेडकडे तोंड करून बसायची.

उंच, वाळका माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, सदऱ्याचा मूळ रंग कुणालाच माहीत नाही. सुटे केलेले भाग ठेवायला त्यांच्याकडे काळ्या घोंगडीचा एक तुकडा होता. ती घोंगडी त्यांच्या वडिलांची. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, खत पडावं म्हणून, आणि त्याबद्दल ज्वारी देत. मोठ्या दुष्काळात मेंढरं विकली गेली, आणि साळूबा जालन्याच्या एका वर्कशॉपमध्ये इंजन शिकून आले. "माझा बाप खोकल्यावरून सांगायचा कोणतं मेंढरू जगनार न्हाई," ते म्हणायचे. "मी बी तेच करतो. फक्त माझं मेंढरू डिझेल पेतं."

हे ते थट्टेने म्हणत, पण ते खरंच तसं होतं. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक पेचकस होता. त्याचं टोक चालू इंजनाला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. आजूबाजूचे लोक बोलत असले तर ते रागावत नसत, फक्त म्हणत, "ते बोलून राह्यलं, ऐकू तर द्या." मग पेचकस एक वीत सरकवायचे, पुन्हा ऐकायचे. पाच मिनिटांत निकाल. नोझल, टॅपेट, बेरिंग, जे सांगतील तेच निघायचं. त्याखेरीज दुसरा एक नटसुद्धा ते सैल करत नसत.

त्यांची मजुरी सालावर होती. बाप मेंढरांवर ज्वारी घ्यायचा, पोराने इंजनावर घेतली. एका इंजनामागे वर्षाला चार पायल्या. वर्षात इंजन दहा वेळा बंद पडो की एकदाही न पडो, चार पायल्या ठरलेल्या. सुटे भाग मालकाने आणायचे. राजूर, केदारखेडा, हसनाबाद मिळून बावीस इंजनं त्यांच्याकडे होती. आमच्या खळ्यावर ते ज्वारी न्यायला आले की मी बघायची. रिकामं पोतं काखेत मारून यायचे आणि गडी मापाने ज्वारी टाकत असताना पाठ करून विहिरीजवळ उभे राहायचे. माप संपलं की माझी आई दोन ओंजळी वरून टाकायची. त्या वर्षी पाण्याच्या एकाही पाळीला इंजन अडलं नसलं, तर तीन. ही वरची ओंजळ त्यांना फार आवडायची. तिच्याबद्दल मात्र ते बोलायचे. "वयनीनं तीन टाकल्या," असं दुकानात येऊन सांगायचे.

त्या व्यवहारातली खुबी मला खूप नंतर समजली. इंजन गप चालत राहिलं तर मिस्त्रीचा फायदा. म्हणून ते बोलावण्याची वाट बघत नसत. कापणी झाली की सायकलवर पिशवी अडकवून बावीस विहिरींवर आपणहून फिरायचे, बिघाड व्हायच्या आधीच तो ऐकून यायचे.

माझी आणि त्यांची ओळख एका पुस्तकामुळे झाली. इंजनासोबत एक इंग्रजी माहितीपुस्तक येई. ते कुणालाच वाचता येत नसे, आणि त्याच्या पानांत लोक चटण्या बांधत. सहावीच्या सुट्टीत साळूबा मिस्त्रींनी तसलं एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, वाच माय, कंपनी काय म्हणून राह्यली ते बघू. मी वाचून मराठीत सांगायची. ते आपले लोखंडी पाने घासत ऐकायचे आणि मधूनच कंपनीची चूक काढायचे. "एवढी फट ठिवली तर आपल्या उन्हाळ्यात ते वाजंल. त्यांच्या गावाला थंडी असंल."

माझा आवाज फार बारीक. शाळेत बाई म्हणत मोठ्याने बोल, घरात अण्णा म्हणत मोठ्याने बोल, मावशी तर म्हणायची ही मुलगी स्वतःशीच बोलते. शेजारी इंजन धडधडत असताना माझं बोलणं ऐकू येणारा जगात एकच माणूस होता. त्यांनी मला एकदाही "काय?" असं विचारलं नव्हतं.

पुढे ज्वारी गेली. लोक कापूस आणि मका लावू लागले, खळी मोडली, मळणीची यंत्रं आली. काही विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. राहिलेल्या इंजनवाल्यांनी सांगितलं, आता पायल्या कुठून द्यायच्या, मिस्त्री, कामाप्रमाणे रोख घ्या. साळूबा मिस्त्री हो म्हणाले. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. पण कामाप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे, हे कुणी ठरवलंच नाही.

हसनाबादच्या एका शेतकऱ्याचं बोलावणं आलं. इंजन सुरू व्हायचं आणि मरायचं. मिस्त्री भर उन्हात सायकल मारत गेले, पेचकस लावला, डोळे मिटले आणि डिझेलच्या नळीचा एक नट अर्धा फेरा आवळला. इंजन चालू राहिलं. शेतकरी हसायला लागला. एवढंच व्हय, हे तर मी बी केलं असतं, म्हणाला. चहा पाजला, पिशवीत पाच-सहा वांगी टाकली आणि सोबत बांधापर्यंत चालत आला.

ते वांगी घेऊन परतले तेव्हा अण्णा खूप चिडले. अण्णा वाईट नव्हते, त्यांना व्यवहार कळत होता. त्यांनी बसस्टँडजवळच्या नव्या मिस्त्रीचं उदाहरण दिलं. तो गेला की आधी सगळं इंजन उघडायचा, भाग पसरायचा, तीन तास घाम गाळायचा आणि दीडशे रुपये मोजून घ्यायचा. लोक कुरकुर न करता देत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर काम झालेलं असे.

"साळूबा, तू बी उघडत जा," अण्णा म्हणाले. "लोक हाताचे पैसे देतेत. कानाचे कोन देतं?"

"ज्याचं दुखत न्हाई त्याचं पोट फाडू का, अण्णा?"

"मंग वांगी खाय."

त्यांनी वांगी खाल्ली. पुष्कळ दिवस खाल्ली असावीत. त्यांची बायको गयाबाई आमच्या आईकडे येऊन बसायची, आणि जाताना आई तिला काहीतरी बांधून द्यायची. जितकं काम चांगलं तितका वेळ कमी, आणि जितका वेळ कमी तितके पैसे कमी. मी तेव्हा नववीत होते. मला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते, आणि हे गणित मला वहीत मांडूनही दुरुस्त करता येत नव्हतं.

दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आले. नव्या पंपाचं पुस्तक आलं होतं. मी वाचायला लागले आणि साळूबा मिस्त्री म्हणाले, "काय?"

मला वाटलं त्यांचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. हातातला पाना घासायचे थांबले होते. तिसऱ्या वेळी मी जरा मोठ्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली, पण मान चुकीच्या जागी हलवली. मी प्रश्न विचारला होता, आणि ते हो म्हणाले.

शेडमध्ये त्या वेळी एकही इंजन चालू नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं की मला समजलं आहे. पेचकस उचलून ते बराच वेळ नुसता पुसत राहिले. पंचवीस वर्षं त्यांनी कानामागचं ते हाड चालू इंजनांना टेकवलं होतं.

"उजवा तर पार गेला, माय," ते म्हणाले. "डाव्यात पाऊस पडल्यावानी आवाज चालू राहतो दिवसभर." मग पेचकस खाली ठेवत, "कोनाला सांगू नको. बहिरा मिस्त्री कोन बोलवंल? दुसरं मला येतं काय?"

मी नाही सांगितलं. गप्प राहणं ही एकच गोष्ट मला शिकावी लागली नव्हती.

त्यानंतर साळूबा मिस्त्री इंजनं उघडू लागले.

त्यांना दुसरा मार्गच नव्हता. ऐकून कळत नाही म्हणजे बघून शोधायचं. आता ते गेले की घोंगडी पसरत आणि एकेक भाग काढून तिच्यावर मांडत. हाताने चाचपत, बोटाने फट बघत, नखाने ओरखडा काढत. पाच मिनिटांचं काम दिवसभर चालू लागलं. पेचकस मात्र ते आधी लावायचेच. डोळे मिटायचे, मान हलवायचे, बाजूच्या माणसाला ऐकू द्या म्हणायचे. मग उघडायचे.

आणि पैसे यायला लागले. लोकांनी काळ्या घोंगडीवर पसरलेले चकचकीत भाग बघितले, चार-चार तास वाकलेली पाठ बघितली, आणि शंभर दिले, दीडशे दिले. हसनाबादच्या त्याच शेतकऱ्याने एकशे वीस दिले आणि वर म्हणाला, आता कसं मिस्त्रीसारखं काम केलं. गयाबाईंनी घराला पत्र्याचं दार लावलं. एक दिवस त्या आईला आनंदाने सांगत होत्या, "आत्ता कुठं यान्ला अक्कल आली, वयनी. आधी नुसतं फुकाचं हिंडायचे." मी आत कांदे चिरत होते. साळूबा मिस्त्रींच्या उभ्या आयुष्यात सगळ्यात जास्त कमाई झाली ती त्या वर्षी.

बावीसपैकी नऊ इंजनं तेवढी उरली होती. त्यातलं एक केदारखेड्याच्या तेजरावांचं. तेजराव आमच्या शेताशेजारचे, साधा माणूस, साळूबा मिस्त्रींचा जुना सोबती. त्यांच्या उशिरा पेरलेल्या आठ एकर गव्हाच्या ओंब्या भरत आल्या होत्या आणि इंजन जड चालत होतं. मिस्त्रींनी ते उघडलं, सगळं धुतलं, नोझल साफ केलं, पुन्हा जोडलं. पूर्ण दिवस गेला. तेजरावांनी दीडशे रुपये दिले.

चालू इंजनाच्या पोटात मोठं बेरिंग ठोका देत होतं. बारीक, दबका ठोका. आधीच्या साळूबा मिस्त्रींनी तो बांधावरून येतानाच सांगितला असता. उघडल्यावरही तो हाताला लागला नाही, कारण बंद इंजन ठोका देत नाही. तिसऱ्या दिवशी बेरिंग जाम झालं आणि क्रँकचा दांडा तुटला. नवा क्रँक जालन्याहून यायला आठवडा लागणार होता. गव्हाला तेवढा वेळ नव्हता.

तेजराव दुकानात आले तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरी आले होते. दुपारची वेळ, सात-आठ गिऱ्हाइकं होती. तेजराव ओरडले नाहीत. गल्ल्यासमोरच्या फळीला टेकून उभे राहिले. त्यांनी अण्णांना सांगितलं की बसस्टँडवाल्या मिस्त्रीने तुटका क्रँक बघितला. तो म्हणाला, असा ठोका चार दिवस आधी आंधळ्यालाबी कळतो, तुमच्या मिस्त्रीने मुद्दाम ठेवला असंल, पुन्हा बोलावणं यावं म्हणून.

अण्णांनी शेडमधून साळूबा मिस्त्रींना बोलावलं.

"साळूबा," तेजराव म्हणाले, "तुला ते ऐकू आल्तं का न्हाई?"

त्यांना हा प्रश्न ऐकू आला का ते मला सांगता येणार नाही. तेजरावांच्या तोंडाकडे ते एकटक बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर होते. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयारही होतं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही, अशी.

"आल्तं," ते म्हणाले. "आल्तं ऐकू. लोभ झाला मला, तेजराव."

तेजराव खाली बघत राहिले. साळूबा मिस्त्रींनी खिशातून पैसे काढून फळीवर ठेवले, किती ते न बघता, आणि पहिल्यांदाच तोंड न वळवता उभे राहिले. तेजरावांनी पैशाला हात लावला नाही. ते निघून गेले. संध्याकाळी अण्णांनी ते पैसे गड्याबरोबर केदारखेड्याला पाठवून दिले. गहू चिपाड झाला. पोत्यात भरण्यासारखा फार थोडा निघाला.

लोक पांगल्यावर मी शेडमध्ये गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ दिसतील अशी, आणि विचारलं की मामा, तुम्ही असं का सांगितलं.

ते घोंगडी घडी करत होते. "लबाड मिस्त्रीकडं लोक येतेत, माय," ते म्हणाले. "शिव्या देतेत, भाव पाडतेत, पन येतेत. तो बसस्टँडवाला काय कमी लबाड हाय? बहिऱ्याकडं कोनच येत न्हाई."

त्यांचा हिशेब बरोबर वाटत होता. पण बसस्टँडवाल्याकडून लोकांनी कधी वेगळी अपेक्षाच केली नव्हती. साळूबा मिस्त्रींवर त्यांनी वीस वर्षं विश्वास टाकला होता, ज्वारी मोजताना त्यांची फिरवलेली पाठ बघितली होती. त्यामुळे त्यांना राग जास्त आला. लोक म्हणू लागले की तेव्हाही हा असाच असेल, आपल्याला कळलं नाही. माझ्या आईनेसुद्धा एकदा तसं म्हटलं, आणि मी त्या तीन ओंजळी आठवत तिच्याकडे बघत राहिले. तरीही बोलले नाही. त्यांना शब्द दिला होता, हे मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं, आणि मग रोजच राहत गेलं.

दोन वर्षांत नऊ इंजनांची दोन झाली, मग तीही गेली. अण्णांनी शेड बसस्टँडवाल्या मिस्त्रीला भाड्याने दिली. साळूबा मिस्त्रींनी पाने त्यालाच विकले, पेचकससुद्धा. त्याने सगळं काट्यावर ठेवून वजनावर घेतलं. घोंगडी त्याला नको होती. ती त्यांनी खांद्यावर टाकली आणि अण्णांना रामराम घातला. अण्णा म्हणाले, येत जा. ते हो म्हणाले. बहुधा ऐकू न येताच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जालन्यात. माझं शिक्षण संपलं होतं आणि मी बियाण्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करत होते. रस्त्यात लोखंडाचा एक कारखाना लागायचा. भंगार वितळवून सळया काढायचे. त्याच्या फाटकाबाहेरही पायाखालची जमीन थरथरायची. एक दिवस कामगारांची पाळी सुटत होती, आणि बाहेर येणाऱ्यांत मला तो उंच, वाळका माणूस दिसला. मी स्कूटी बाजूला घेतली, बंद केली, किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्यांना ओळख पटायला वेळ लागला. मग "आमची इंग्रजी शिकलेली माय" असं खूप मोठ्याने म्हणाले. आजूबाजूचे बघायला लागले. बहिरी माणसं बोलतात तसं ते आता बोलत होते. त्यांनी सांगितलं की बांधलेला पगार आहे, महिन्याच्या महिन्याला. आत जिथे सळई कापतात तिथे उभं राहायचं काम. "तिथं कोनी टिकत न्हाई आवाजानं. मला काय त्याचं? मुकादम म्हनला, म्हातारा बराबर हाय." ते हसले. गयाबाई गेल्याचं त्यांनी त्याच दमात सांगितलं.

मग त्यांची नजर स्कूटीवर गेली. नवीच व्हती का, जुनी घेतली, कितीला, असं काहीबाही विचारलं, आणि माझ्या हातातली किल्ली मागितली. मला वाटलं, चालवून बघायची असेल. त्यांनी गुडघे मोडून बैठक मारली, किल्लीचं टोक इंजनाला लावलं, डोकं अगदी खाली वाकवून दुसरी बाजू कानामागच्या हाडाला टेकवली, आणि डोळे मिटले.

गाडी बंद होती. त्यांच्या डिझेल इंजनांना किल्ली कधी नव्हतीच, ती हातात आहे म्हणजे गाडी बंद आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. थरथरत होती ती जमीन.

ते ऐकत राहिले. किल्ली एक बोट सरकवली, पुन्हा ऐकलं. त्यांच्यासोबतचे दोघे थांबले होते, हसत होते. मी त्यांना हाताने गप्प बसा म्हणून खुणावलं.

"बराबर बोलून राह्यली," साळूबा मिस्त्री उठत म्हणाले. "काहीच करू नको तिला. कोनी उघडायचं म्हनलं तर उघडू देऊ नको."

मी मान हलवली. पर्स उघडली आणि पन्नासची नोट काढली. त्यांनी नको म्हटलं नाही. किल्ली माझ्या हातात दिली, सदऱ्याला हात पुसले आणि तोंड वळवून कारखान्याच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. मी नोट त्यांच्या तळहातावर ठेवली. ती न बघता त्यांनी खिशात घातली.

ते चालायला लागले, पण दर थोड्या पावलांनी मागे वळून बघत होते. मी किल्ली लावली नाही, लावली असती तर गाडी मघाशी बंद होती हे त्यांना कळलं असतं. हसून हात हलवला आणि गाडी तशीच ढकलत, ते दिसेनासे होईपर्यंत, रस्त्याच्या कडेने नेत राहिले.